पोखरा ते जोमसोम: वीस मिनिटांच्या वाटेवरचे पाच अपघात

नेपाळच्या नकाशावर पोखरा आणि जोमसोम यांच्यात सरळ रेघ ओढली तर ती जेमतेम 65 किलोमीटर भरते. लहान विमान हे अंतर वीसेक मिनिटांत कापतं. या एवढ्याशा टापूत 1998 ते 2022 या काळात पाच प्रवासी विमानं कोसळली आणि 96 माणसं गेली. ऑगस्ट 1998 मध्ये लुंबिनी एअरवेजचं ट्विन ऑटर (दोन इंजिनांचं लहान प्रवासी विमान) घोरेपानी परिसरात पडलं, 18 जण गेले. ऑगस्ट 2002 मध्ये शांग्रिला एअरचं ट्विन ऑटर जोमसोमहून परतताना पोखऱ्याजवळच्या डोंगरावर आदळलं, तेही 18. मे 2012 मध्ये अग्नी एअरचं डॉर्नियर जोमसोमच्या धावपट्टीजवळ पडलं. विमानात 21 जण होते, त्यातले 6 वाचले. फेब्रुवारी 2016 मध्ये तारा एअरचं ट्विन ऑटर म्याग्दी जिल्ह्यात दानाजवळ आदळलं आणि 23 जण गेले. मे 2022 मध्ये पुन्हा तारा एअर, पुन्हा ट्विन ऑटर, मुस्तांग जिल्ह्यातलं थासांग, 22 जण. मे 2013 मध्ये आणखी एक विमान जोमसोमच्या धावपट्टीवरून घसरून थेट काली गंडकीच्या पात्रात गेलं होतं. त्यात सगळे वाचले, म्हणून ते या हिशोबात धरलेलं नाही.

अशी यादी दिसली की ‘हिमालयातला बर्म्युडा ट्रँगल’ छापाचे मजकूर फिरू लागतात. कुणाला चुंबकीय ओढ दिसते, कुणाला देवाचा कोप. ते बाजूला ठेवू. पण दुसऱ्या टोकाचं उत्तरही मला तितकंच आळशी वाटतं: ‘वैमानिकाची चूक’ असं लिहून फाइल बंद करायची. एकाच वाटेवर, वेगवेगळ्या कंपन्यांचे अनुभवी वैमानिक जवळपास तीच चूक करत असतील, तर ती चूक घडवून आणणारं त्या वाटेत काय आहे, हे पाहायला हवं.

29 मे 2022

त्या दिवशीचं पोखऱ्याहून सकाळी लवकर ठरलेलं उड्डाण हवामानामुळे लांबलं होतं. शेवटी 9 वाजून 55 मिनिटांनी विमान सुटलं. प्रवासी 19 आणि कर्मचारी 3. चार भारतीय आणि दोन जर्मन, बाकी सगळे नेपाळी. 10 वाजून 7 मिनिटांनी, म्हणजे सुटल्यापासून बाराव्या मिनिटाला, संपर्क तुटला. अवशेष दुसऱ्या दिवशी सापडले, मानापाथी हिमालाच्या बाजूच्या कड्यावर, 14,000 फुटांच्या आसपास.

इंजिन बंद पडलं नव्हतं आणि पंखही तुटला नव्हता. चौकशी आयोगाच्या निष्कर्षाचा सार असा, की विमान अनवधानाने ढगात शिरलं, तिथे योग्य मार्ग राखला गेला नाही आणि पुढे जमीन आहे हे सांगणारी इशारा यंत्रणा त्या वेळी दाबून ठेवलेली होती. धडधाकट, पूर्ण ताब्यात असलेलं विमान डोंगरावर जाऊन आदळण्याला विमान वाहतुकीच्या भाषेत ‘सीफिट’ म्हणतात. 2016 च्या अपघाताचा निष्कर्षही याच जातीचा होता: डोळ्यांनी जमीन पाहत उडायचं असताना वारंवार ढगात शिरण्याचा निर्णय, नेहमीच्या मार्गापासून भरकटणं, दिशेचं आणि जागेचं भान सुटणं. ते विमान तर बऱ्यापैकी नवं होतं.

दोन्ही वेळच्या कॅप्टनच्या नावावर हजारो तासांचं उड्डाण होतं. ही गोष्ट लोकांना कोड्यात टाकते, पण त्यात फारसं कोडं नाही. ज्याने ढगांमधली फट शंभर वेळा पार केलेली असते, तोच एकशे एकाव्यांदा ‘निघेल पार’ म्हणून पुढे जातो. नवखा बहुधा परत फिरतो.

दोन टोकं मोकळी, मधलं बंद

ही वाट समजून घ्यायची तर पावसाचे आकडे पाहा. पोखऱ्याच्या पश्चिमेला, या मार्गापासून जवळच, लुमले नावाचं ठिकाण आहे. तिथे वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. नेपाळमधल्या सर्वांत ओल्या जागांपैकी ही एक. जोमसोमला वर्षभरात 300 मिलिमीटरच्या आसपास पडला तरी खूप. वीस मिनिटांच्या प्रवासात विमान चेरापुंजीच्या जातीच्या प्रदेशातून वाळवंटाच्या जातीच्या प्रदेशात जातं.

दक्षिणेकडून आलेली दमट हवा अन्नपूर्णेच्या पायथ्याला चढू लागते, थंड होते, ढग धरते. पलीकडे मुस्तांगमध्ये ती पोचेपर्यंत कोरडी झालेली असते. ओलं आणि सुकं यांची सीमा कुठे पडते? घोरेपानीची खिंड, तातोपानी, दाना, घासा आणि लेते या पट्ट्यात. नेमका हाच या मार्गाचा सर्वांत अवघड भाग. पोखऱ्याहून निघालेलं विमान सुमारे 2,900 मीटर उंचीच्या घोरेपानीवरून पलीकडे जातं, काली गंडकीच्या दरीत शिरतं आणि नदीच्या उलट दिशेने उत्तरेला जोमसोमकडे वळतं. उजवीकडे अन्नपूर्णा, 8,091 मीटर. डावीकडे धवलगिरी, 8,167 मीटर. दोन्ही शिखरांमध्ये पस्तीसेक किलोमीटरचं अंतर आणि मध्ये नदीचं पात्र, शिखरांपासून साडेपाच किलोमीटर खाली.

त्यामुळे असं होतं, की पोखऱ्याचा टॉवर सांगतो दृश्यमानता चांगली आहे, जोमसोमचा टॉवर सांगतो आकाश निळं आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. मधल्या घळीत मात्र ढग भिंतीसारखा बसलेला असतो. तिथे ना टॉवर, ना धावपट्टी. तिथली खबर बहुतेक वेळा पुढे गेलेल्या विमानाकडूनच मिळते. पण डोंगरातला ढग दहा मिनिटांत जागा बदलतो. पुढच्याला जी फट सापडली ती मागच्याला सापडेलच असं नाही.

2022 च्या अपघातानंतर नेपाळच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने नियम कडक केला: आता संपूर्ण मार्गावर हवामान अनुकूल असेल तरच परवानगी. याचा अर्थ त्याआधी सुटण्याच्या आणि उतरण्याच्या ठिकाणचं हवामान ठीक असलं की भागत होतं. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. पाचांपैकी चार विमानं दोन्ही विमानतळांच्या मधल्या डोंगरांत पडली, आणि नियम मात्र दोन टोकांकडे पाहत होता.

1998 आणि 2002 चे अपघात परतीच्या प्रवासातले होते, हेही याच चित्रात बसतं. ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. जोमसोमच्या कोरड्या उजेडातून निघालेलं विमान उतरत उतरत पोखऱ्याच्या ओल्या बाजूला येतं आणि ढगाखाली जाण्याच्या प्रयत्नात डोंगराच्या उंचीवर येऊन ठेपतं.

वळायला जागा किती लागते

‘ढग दिसला तर मागे फिरायचं’ हे खुर्चीत बसून म्हणायला सोपं आहे. आकडे मांडून पाहू.

ट्विन ऑटरच्या वेगमापकावर 130 नॉट दिसत असतील, तर 12,000 फुटांवरच्या विरळ हवेत प्रत्यक्ष वेग 155 नॉटच्या आसपास, म्हणजे सेकंदाला 80 मीटर असतो. 30 अंशांच्या कलात वळलं तर वळणाची त्रिज्या साधारण 1.1 किलोमीटर येते. उलट फिरायला सव्वादोन किलोमीटर रुंदीची मोकळी जागा हवी आणि पाऊण मिनिट हवं. दरीच्या मधोमध उडणाऱ्याला दोन्ही बाजूंना अर्धीअर्धीच जागा मिळते. म्हणून डोंगरात उडणाऱ्यांना पहिल्यापासून शिकवतात की दरीच्या एका कडेने उडा, म्हणजे वळायला अख्खी रुंदी हाताशी राहील. आता यात ढग घाला. पलीकडची भिंत दिसतच नसेल, तर कुठल्या बाजूला किती जागा उरली आहे हे कळणार कसं? अग्नी एअरचं विमानही जोमसोमला उतरणं सोडून परत फिरण्यासाठी वळतानाच डोंगराला लागलं.

मग वर का चढायचं नाही? सेकंदाला 80 मीटर म्हणजे मिनिटाला जवळपास पाच किलोमीटर. त्या मिनिटात विमान सढळ हाताने धरलं तरी 300 मीटर चढेल, म्हणजे सोळा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. वेग कमी करून नाक उचललं तर प्रमाण थोडं सुधारतं. पण समोरचा कडा एक मीटरला एक मीटर चढणारा असतो, काही ठिकाणी त्याहून उभा. ढगातून तो दिसला तेव्हा दोनतीन सेकंद हातात असतात. या शर्यतीत विमान जिंकू शकत नाही.

ढगांच्या आणि शिखरांच्या वरून मोठ्या विमानासारखं जाता येणार नाही का, असंही लोक विचारतात. धवलगिरी 26,795 फूट आहे. ट्विन ऑटरच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसते, त्यामुळे प्रवाशांना घेऊन त्या उंचीवर जाणं हा पर्यायच नाही. या विमानाला दरीतूनच जावं लागतं.

इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. 2016 चं विमान 10,700 फुटांच्या आसपास आदळलं, 2022 चं 14,000 च्या आसपास. म्हणजे आठ हजारी शिखरांनी कुणाचा जीव घेतलेला नाही. घात केला तो त्यांच्या खांद्यांनी, आडव्या सोंडांनी, नकाशावर ज्यांना धड नावंही नसतात अशा धारांनी. नेपाळच्या वैमानिकांमध्ये एक बोलणं पूर्वापार आहे: आमच्याकडे ढगात दगड असतात.

वाऱ्याचं घड्याळ

काली गंडकीचा वारा हा स्वतंत्र विषय आहे. दिवस वर आला की उत्तरेकडचं तिबेटच्या बाजूचं पठार तापतं, तिथली हवा वर उठते आणि तिची जागा भरायला खालची हवा या घळीतून वर खेचली जाते. मधल्यासकाळी वारा सुरू होतो आणि दुपारपर्यंत ताशी 60-70 किलोमीटरवर जाऊ शकतो. मार्फा आणि जोमसोमच्या परिसरात वर्षानुवर्षं हाच वारा खाऊन काही झाडं कायमची उत्तरेकडे झुकलेली आहेत. वारा कुठून येतो हे सांगायला तिथे कुठलंही यंत्र लागत नाही.

वारा दक्षिणेकडून आणि विमानही दक्षिणेकडून, म्हणजे सरळ उतरायला गेलं तर वारा पाठीवर. पाऊण किलोमीटरच्या धावपट्टीवर पाठीवरचा वारा घेऊन उतरणं म्हणजे थांबायला जागा कमी पडण्याची हमी. वारा तोंडावर घ्यायचा तर धावपट्टी ओलांडून पुढे जायचं आणि दरीतच उलटं वळायचं. तिथे पुन्हा त्या सव्वादोन किलोमीटरचा प्रश्न येतो.

म्हणून जोमसोमची उड्डाणं सकाळी उरकतात. अकराच्या सुमारास दुकान बंद. एरवी हा शहाणपणाचा नियम आहे, पण त्याची एक वाईट बाजूही आहे. पोखऱ्याला सकाळी ढग असले की सगळ्यांचं लक्ष घड्याळावर जातं. सहा, सात, आठ. प्रवासी बसून आहेत, त्यातले कित्येक मुक्तिनाथला निघालेले, पुढच्या दिवसांची आखणी केलेले. एका विमानाला एका सकाळी अनेक फेऱ्या मारायच्या असतात. नऊ वाजतात, साडेनऊ होतात. आता निघालं नाही तर आजचा दिवस गेला. ढग विरण्याची वाट पाहायची तर वारा उठतो, वारा उठण्याआधी जायचं तर ढग असतात. 29 मे 2022 चं उड्डाण 9.55 ला सुटलं ते या कात्रीत. वैमानिकाच्या मनात त्या क्षणी काय होतं हे मी सांगणार नाही, पण वेळापत्रक काय सांगत होतं ते उघड आहे.

घड्याळाने सगळं उलगडतं असंही नाही. 2016 चं विमान पोखऱ्याहून 7.50 ला निघालं होतं, वारा उठायला बराच अवकाश होता. तिथे ढग एकटाच पुरेसा ठरला.

दाबून ठेवलेला इशारा

2022 च्या अहवालात वाचणाऱ्याचं डोकं सर्वांत जास्त फिरवणारी बाब म्हणजे बंद ठेवलेली इशारा यंत्रणा. जीव वाचवण्यासाठी बसवलेलं यंत्र बंद कोण ठेवतं?

यंत्र कसं चालतं ते पाहिलं की उत्तर मिळतं. त्यात जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा साठवलेला असतो. विमानाची जागा, दिशा, उंची आणि वेग यांवरून पुढच्या काही क्षणांत टक्कर होऊ शकते असं त्याला वाटलं की ते आधी ‘टेरेन, टेरेन’ आणि मग ‘पुल अप’ असं ओरडू लागतं. मैदानावरून येऊन मोठ्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानासाठी हे वरदान ठरलं, याबद्दल वाद नाही. पण काली गंडकीच्या घळीत, स्वच्छ उन्हात, अगदी बिनचूक मार्गावर असलेल्या विमानाच्या आजूबाजूलाही डोंगर त्याच्याहून उंच असतात. यंत्राच्या दृष्टीने ते विमान सतत संकटात. प्रत्येक फेरीत, प्रत्येक वळणावर ओरड. कॉकपिटमध्ये एकमेकांचं बोलणं आणि रेडिओ ऐकू येणं मुश्कील होतं. म्हणून दाबण्याचं बटण दिलेलं असतं, आणि डोळ्यांनी जमीन स्पष्ट दिसत असताना ते वापरण्यामागे तर्कही आहे. घात होतो तो पुढच्या पायरीला. उजेडात लागलेली सवय ढगात शिरल्यावर आपोआप सुटत नाही. बटण परत चालू करायचं भान ज्या मिनिटात हवं, नेमक्या त्याच मिनिटात डोकं इतर दहा गोष्टींत गुंतलेलं असतं.

हे शिस्तीचं उल्लंघन आहेच. पण यंत्र त्या भूप्रदेशाला साजेसं केलेलं नसेल, तर ‘बंद करू नका’ असं परिपत्रक काढून फार काही साधत नाही.

डोंगराच्या खात्यावर काय टाकू नये

आकड्यांबाबत थोडी सावधगिरी. एखाद्या जागी जास्त अपघात झाले याचा एक साधा अर्थ असा असू शकतो की तिथून जास्त विमानं जातात. पर्यटक आणि यात्रेकरू यांच्यामुळे पोखरा ते जोमसोम मार्गावर वर्दळ मोठी आहे. तिबेटच्या निर्मनुष्य पर्वतरांगांवर लहान विमानं पडत नाहीत, कारण तिथे ती जातच नाहीत. नुसते नकाशावरचे ठिपके मोजून ‘ही जगातली सर्वांत घातक दरी’ असं म्हणता येत नाही. त्यासाठी दर हजार उड्डाणांमागे किती अपघात, हा हिशोब हवा.

एअर इंडियाची दोन विमानं युरोपातल्या मॉंट ब्लँकवर आदळली, 3 नोव्हेंबर 1950 ला एक आणि 24 जानेवारी 1966 ला दुसरं. दुसऱ्यात डॉ. होमी भाभा होते. यावरही आपल्याकडे भरपूर गूढ रचलं गेलं. पण दोन्ही विमानं जिनिव्हाकडे निघाली होती आणि जिनिव्हाला उतरू पाहणाऱ्या विमानांच्या वाटेला लागून आल्प्सचा सर्वांत उंच डोंगर उभा आहे. उंची सोडायला जरा आधी सुरुवात झाली की पुढ्यात तोच येतो.

तसंच, नेपाळमधला प्रत्येक अपघात हिमालयाच्या माथी मारू नये. 15 जानेवारी 2023 ला पोखऱ्यात यती एअरलाइन्सचं एटीआर पडलं आणि 72 जण गेले. हवा स्वच्छ होती. चुकीचे दांडे ओढले गेल्याने दोन्ही पंख्यांची ओढ गेली, असा तिथला निष्कर्ष आहे. तो अपघात सपाट प्रदेशातल्या कुठल्याही विमानतळावर झाला असता. युरोपीय संघाने डिसेंबर 2013 पासून नेपाळच्या विमान कंपन्यांना काळ्या यादीत टाकलं, ते देखरेखीच्या व्यवस्थेवर विश्वास नसल्यामुळे. तिथे डोंगर असल्यामुळे नव्हे.

मग काय करता येतं

अलास्काची स्थिती यासारखीच: डोंगर, लहान विमानं, रस्ते तुरळक, खिंडींमध्ये अचानक भरणारे ढग. तिथे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने खिंडींमध्ये आणि दुर्गम धावपट्ट्यांवर हवामानाचे कॅमेरे बसवले. आज असे कॅमेरे दोनशेहून अधिक ठिकाणी आहेत. निघण्याआधी वैमानिक पडद्यावर पाहतो: स्वच्छ दिवशी ही खिंड अशी दिसते, आत्ता अशी दिसते. पलीकडची धार दिसत नसेल तर तो इंजिन सुरूच करत नाही. टॉवरशी हुज्जत नाही आणि पुढच्या विमानाने काय सांगितलं त्यावर भिस्त नाही.

जोमसोमच्या मार्गासाठी माझ्या मते अशा तीन जागा पुरेत: घोरेपानी, घासा आणि लेते. नियम संपूर्ण मार्गाच्या हवामानाबद्दल बोलू लागला हे चांगलंच आहे, पण मधलं हवामान बघणारा डोळाच नसेल तर परवानगी देणारा माणूस पुन्हा दोन टोकांवरून अंदाज बांधणार. दुसरं, काली गंडकीच्या नेहमीच्या मार्गावर असताना गप्प राहणारी आणि त्या मार्गावरून सरकताच बोलणारी इशारा यंत्रणा बनवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. नकाशा यंत्रात आहेच, मार्ग ठरलेला आहे. आणि तिसरं काम कंपन्यांच्या कार्यालयातलं: साडेनऊनंतर ढग असतील तर त्या दिवशीची जोमसोमची फेरी आपोआप रद्द, वैमानिकाला विचारायचंच नाही. ज्याला प्रवाशांकडे बघत ‘नाही’ म्हणावं लागतं त्याच्यावरच तो निर्णय सोपवणं थांबवायला हवं.

म्याग्दी जिल्ह्यातल्या बेनीहून जोमसोमला आता रस्ता जातो. खडबडीत आहे, पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि वीस मिनिटांच्या जागी अख्खा दिवस मोडतो. उड्डाण रद्द झाल्यावर प्रवाशांपुढे तोच पर्याय उरतो, आणि तो जितका वाईट असेल तितकी पोखऱ्याच्या विमानतळावर ‘आणखी थोडं थांबून बघू’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढते.